मिरचीच्या झाडाची दृष्ट

मुलांनो, जरा डोळे मिटा. मे महिना आहे, दुपारचे दोन वाजलेत आणि तुम्ही नाशिकमधल्या एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर अनवाणी उभे आहात. उचललात ना पाय? आता समजा, तुम्ही मिरचीचं झाड आहात. झाडाला पाय उचलता येत नाही!

सावळीराम आजोबांच्या गच्चीवर असंच एक झाड होतं. लताआजींच्या माहेरची, नांदगावची ती मिरची. तिकडे आता ती कुणी लावत नाही. आजींच्या डब्याच्या तळाशी सात बिया उरल्या होत्या, त्यांतली एकच उगवली. तिला मिरची धरली तर पुन्हा बी मिळणार, नाहीतर ते वाणच संपलं.

"काळजीच करू नकोस!" आजोबा म्हणाले. "एकतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात विमानं तपासली मी. एक स्क्रू गळू दिला नाही. फुलं काय गळतील!"

चौथ्या दिवशी फुलं गळली. नात स्नेहलने मोजली. अकरा!

आजोबांनी लगेच कारखान्यातल्यासारखा तक्ता केला. सोमवारी युरिया, गुरुवारी पुन्हा युरिया. पाण्याचा रकाना मात्र राहूनच गेला. त्यामुळे आठवलं की बादलीभर आणि विसरलं की दोन दिवस थेंब नाही! झाडाला पानं अशी फुटली, की एखादी शेळी आनंदाने रडली असती. फुलं मात्र सकाळी उमलायची आणि संध्याकाळी देठासकट खाली.

"अहो, दृष्ट लागलीय तिला," आजी म्हणाल्या.

"विमानाला नाही लागली कधी!"

"विमान एवढं हिरवंगार असतं का?"

आजोबांनी दृष्ट काढायला निखारे केले. गच्चीवरच्या वाऱ्यात निखारे टिकेनात, म्हणून कुंडी खाली दारासमोरच्या गॅलरीत आणली. आजींनी मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या घेतल्या.

"सातच?" आजोबा म्हणाले. "आमच्या कारखान्यात सगळं तिप्पट मजबूत धरायचे. एकवीस घे!"

झाडावरून ओवाळून एकवीस मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या आणि सगळी इमारत खोकू लागली. तळमजल्यावरचा कुत्रा शिंकत शिंकत गेटबाहेर गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाकाकू लाटणं घेऊनच वर धावल्या.

"खोक्... काय... खोक्... काय पेटलंय?"

"दृष्ट... खोक्... मिरचीची!"

आजींनी पदराने डोळे पुसले आणि जाहीर केलं, "एवढा ठसका? म्हणजे दृष्ट नव्हतीच! लागली असती तर ठसका आलाच नसता."

"हे सातव्या मिरचीला सांगायचं होतंस!" आजोबा कसेबसे म्हणाले.

स्नेहलने धूर घालवायला टेबलफॅन लावला. झाड हळूहळू डोलू लागलं. काकूंच्या भावाची विंचूरला ढोबळी मिरची आहे, शेडनेटमध्ये. काकूंनी पानं उलटून पाहिली, मातीत बोट खुपसलं.

"काका, अहो, तापलेल्या गच्चीवर फूल टिकेल कसं? झाड आधी स्वतःचा जीव वाचवतं. युरियाने नुसती पानं वाढतात. आणि पाणी तर एक दिवस पूर, दोन दिवस दुष्काळ! इथेच राहू दे तिला. सकाळचं ऊन, दुपारी सावली, रोज बेताचं पाणी. आणि फूल असं हलायला हवं, म्हणजे त्यातला पराग जागेवर पडतो."

आजोबांनी तक्ता भिंतीवरून काढला आणि त्याची घडी घातली. हळूच म्हणाले, "लता, तुझी शेवटची मिरची मीच मारत होतो गं."

"इतक्यात नाही मरायची," आजी म्हणाल्या. "माझ्या माहेरची आहे. तुम्हाला सहन करायची सवय आहे आम्हाला."

त्या दिवसापासून स्नेहल रोज सकाळी मोजून एक तांब्या पाणी घाली आणि प्रत्येक फुलाच्या देठाला बोटाने हलकेच टिचकी मारी. पहिले काही दिवस फुलं गळतच राहिली. बाराव्या दिवशी एक फूल सुकलं, पण पडलं नाही. त्याच्या पोटातून तांदळाएवढं हिरवं टोक डोकावत होतं.

आजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पाहिलं. डोळे भरून आले. मग त्या एकदम दचकल्या.

"अगं बाई, किती गोजिरवाणी! आता मात्र हिला नक्की दृष्ट लागणार. अहो, निखारे करा!"

"एकवीस ना?" आजोबा उठलेच.

स्नेहल स्वयंपाकघरात गेली, सुक्या मिरच्यांचा डबा फ्रॉकखाली लपवला आणि पायऱ्या उतरून ज्योत्स्नाकाकूंच्या घरी ठेवून आली.