शिडी आणि चिमणी यांच्या एका रांगेची हकीकत

वार्षिक अंकाच्या संपादकीणबाई, अखंडित-लाल-शाई-मंडित, यांची आज्ञा जाहली की, शाळेतील शेवटल्या, म्हणजे बारावीच्या, वर्षी ब तुकडीत जे ठळक प्रसंग घडले, म्हणजे क्रीडादिन, संमेलन, निरोप समारंभ आणि वर्गाचा फोटो, त्यांचा मजकूर प्रत्येकी चार ओळींत लिहून हुजूर दाखल करणे. आज्ञा शिरसावंद्य. परंतु चार ओळींत राज्ये मावत नाहीत. त्यांतून हे चार प्रसंग वेगळाले नसून एकाच मोहिमेच्या चार लढाया होत्या, हे बाईंस ठाऊक नाही, कारण त्या अ तुकडीच्या. सबब आम्ही, ब तुकडीचे चिटणीस, पाहिले ते आणि ऐकले ते, पदरचे थोडकेच मिसळून, सविस्तर लिहितो. काटछाट केल्यास अंकाचे तेज जाईल, त्याचा बोल आम्हांकडे नाही.

ब तुकडीत दोन मातबर असामी होत्या. एक शिडी. वर्गाचा पंखा अडला तर बाकावर न चढता, नुसता हात वर करून पाते ढकलून तो सुरू करावा, ऐसी तिची उंची. दुसरी चिमणी. बाकावर बसली तर पाय जमिनीस लागू नयेत, आवाज मात्र तोफेचा. पहिल्या इयत्तेत दोघींस एका बाकावर बसविले ते बसविलेच. मग शिडीमुळे मागल्यांस फळा दिसेना, म्हणून त्यांचा बाक दरसाल मागे सरत सरत शेवटच्या भिंतीस टेकला, आणि तेथून चिमणीस फळा दिसेना, मग शिडीने फळा हळूच वाचावा आणि चिमणीने ऐकून लिहावा आणि ते शिडीने पुन्हा उतरवून घ्यावे, ऐसा कारभार अकरा वर्षे चालला. दोघींच्या चुकाही एकच असत. मास्तर मंडळी एकीची वही तपासून दोघींस गुण देत.

परंतु दरसाल वर्गाचा फोटो येई आणि ही जोडी फुटे. कवायतीचे सर, शिट्टीबहाद्दर, यांचा कायदा कडक होता. ठेंगण्यांनी पुढे जमिनीवर मांडी घालावी, मध्ये खुर्च्यांवर शिक्षकवर्ग विराजावा, आणि उंचांनी पाठीमागे बाकांवर उभे राहावे. म्हणजे चिमणी एका सरहद्दीवर आणि शिडी दुसऱ्या. शिवाय शिडीचे डोके चौकटीत मावत नसे. तिची आई आल्यागेल्यास भिंतीवरचे फोटो दाखवून सांगे, "हा तिसरीतला. ती हनुवटी आमची. आणि हा सातवीतला, ते कोपऱ्यातलं अर्धं नाक दिसतंय ना, तेही आमचंच." पाहुणे बिचारे होय म्हणत.

त्यात शेवटल्या वर्षी चिमणीच्या वडिलांस दूरच्या मुलुखी बदलीचा हुकूम आला. परीक्षा संपताच बिऱ्हाड हलणार. हे कळले त्या दिवशी मधल्या सुट्टीत शिडी डबा उघडून बसली आणि बोलली, "अकरा फोटो झाले गं. एकातही आपण शेजारी नाही." आणि मग डबा तैसाच मिटून ठेवला. शिडीने डबा टाकणे ही साधी गोष्ट नव्हे. चिमणी म्हणाली, "या वर्षी असणार. मी बघते." येथून मोहिमेचा आरंभ समजावा.

सायकली लावावयाच्या छपराखाली मसलत बसली. चिमणीने तजवीज मांडिली की, पुढल्या रांगेत मधोमध बसून वर्गाचे नाव लिहिलेली पाटी जो धरतो, त्यास उंचीचा कायदा लागू नाही. पाटीची सनद शिडीच्या नावे करून घ्यावी, आणि आपण तिच्या शेजारी आहोतच. पाटी चार वर्षे मॉनिटराच्या कब्जात होती. हा मॉनिटर म्हणजे भांग सरळ, वह्या कव्हरबंद, आणि दिल साफ नाही ऐसे आमचे मत होते. मग चिमणीने कवायतीच्या सरांकडे वकिली केली, आणि सरांनी शिट्टी गळ्यात फिरवीत हुकूम केला की, जो वर्षभरात तुकडीचे नाव काढील त्याचे हाती पाटी.

पहिली लढाई क्रीडादिनाची. शिडीस उंच उडीवर रवाना केले. अवघी ब तुकडी दोरीच्या कडेला मोर्चे धरून ओरडू लागली, आणि शिडी धावत आली आणि आडव्या काठीपाशी थांबली आणि एक पाय पलीकडे टाकला आणि मग दुसरा, आणि शांतपणे चालती जाहली. काठी हललीसुद्धा नाही. पंचांत मोठी वादावादी माजली. अखेर सरांनी निवाडा दिला की, ही उडी नव्हे, हे ओलांडणे आहे, सबब बाद. त्याच दिवशी मॉनिटर पोत्यातल्या शर्यतीत तिसरा आला. तीन जणच पोत्यात होते, हे कागदोपत्री राहावे म्हणून लिहितो.

दुसरी लढाई संमेलनाची. मॉनिटर नाटकात राजा जाहला. शिडीस काम मिळाले नाही, कारण तिच्याजोगता पोशाखच नव्हता. पडदा वर गेला तोच कप्पीतून दोरी निसटली आणि पडदा राजाच्या मस्तकी येणार, इतक्यात शिडीने विंगेतून हात वर करून पडद्याची काठी झेलली आणि तैसीच धरून उभी राहिली, एक अंक, वीस मिनिटे. चिमणी तिच्या पोटऱ्या चोळीत खाली बसली होती, कारण तिचा हात तेथवरच पोचे. प्रेक्षकांनी टाळ्या राजास दिल्या. येणेप्रमाणे दोन लढायांत शिकस्त खाऊन फौज बहुत खजील जाहली, आणि पाटी पाचव्या वर्षीही मॉनिटराकडे गेली.

तेव्हा चिमणीने तलवार म्यान करून तहाचे बोलणे लाविले. हेरांनी बातमी आणिली होती की, निरोप समारंभात मॉनिटराने भाषण करावयाचे आहे आणि आठ दिवसांत त्यास "आदरणीय गुरुजन" याच्या पुढे एक अक्षर सुचले नाही. मग तह ठरला तो ऐसा: भाषण चिमणीने लिहून द्यावे, किमान दोन शिक्षकांच्या डोळ्यांस पाणी यावे, आल्यास पाटी शिडीस द्यावी. चिमणी दोन दिवस लिहीत बसली. शिडीने तिला एकदाही विचारले नाही की काय लिहितेस.

समारंभाचे दिवशी मॉनिटर कागद घेऊन उभा राहिला. त्याने तो आधी वाचला नव्हता, हा त्याचा आळस की विश्वास, ते कळत नाही. वाचता वाचता ओळ आली की, "ज्यांच्या शेजारी बसून आपण मोठे झालो, त्यांच्या शेजारी उद्यापासून दुसरंच कुणी बसेल, आणि त्यांना फळ्यावरचं कोण वाचून दाखवेल?" येथे मॉनिटरास पुढले अक्षर दिसेना. मग तीन शिक्षक आणि एक शिपाई रडले, आणि कवायतीच्या सरांनी डोळ्यांत धूळ गेल्याचे जाहीर केले. बंद सभागृहात धूळ कोठून आली, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. मॉनिटराने तह अक्षरशः पाळला आणि पाटी आपल्या हाताने पुसून शिडीस दिली. त्याच्या दिलाविषयीचे आमचे मत आम्ही येथे मागे घेतो.

मग फोटोचा दिवस उजाडला. मैदानात खुर्च्या मांडल्या, त्यामागे बाक लाविले. शिडी पाटी घेऊन पुढे मधोमध मांडी घालून बसली आणि चिमणी तिच्या उजवीकडे, आणि दोघींचे खांदे नाहीत तरी खांदा आणि कान एकमेकांस लागले. शिडी ऐसी खूश आम्ही कधी पाहिली नव्हती. इतक्यात मुख्याध्यापिकाबाईंची खासा स्वारी येऊन बरोबर तिच्या मागल्या खुर्चीवर बसली. बाई करारी खऱ्या, पण चणीने लहान. फोटोग्राफराने कॅमेऱ्यातून डोळा काढून अर्ज केला, "सर, मोठ्या बाईंचा नुसता अंबाडा येतोय."

हा घाला कोणाच्याच ध्यानी नव्हता. शिट्टी वाजली. शिडीस वाकविले, तो बाईंचे कपाळ दिसले. अधिक वाकविले, तो बाईंचा चष्मा दिसला आणि शिडी पाटीआड बुडाली. सरांनी दोन बोटे मागल्या बाकाकडे केली. शिडी उठली, पाटी चिमणीच्या मांडीवर ठेविली, आणि आपल्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली. वर्षाची मेहनत मातीस मिळाली. आम्हांस बहुत वाईट वाटले.

चिमणीने पाटीकडे पाहिले. मग उठली, पाटी मॉनिटराच्या हाती दिली आणि खुर्च्यांस वळसा घालून मागे चालू लागली. शिट्टी एकदा वाजली, दुसऱ्यांदा वाजली, ती थांबली नाही. सर गरजले, "उंचीप्रमाणे उभं राहायचं!"

चिमणी म्हणाली, "सर, उंचीप्रमाणेच उभी राहते. फक्त उंची तेवढी मिळवून द्या."

मग जे जाहले त्यास तोड नाही. कोणी हुकूम दिला नाही, तरी दोघे प्रयोगशाळेकडे धावले आणि उंच स्टूल घेऊन आले आणि ते शिडीशेजारी बाकावर चढविले आणि ते डुगडुगू लागले, म्हणून तिघांनी खाली बसून पाय धरले, आणि चिमणी वर चढली. सरांनी दाद मागावी म्हणून मोठ्या बाईंकडे पाहिले. बाईंनी मागे वळून पाहिले, घड्याळ पाहिले आणि फर्मान सोडले, "लवकर काढा, मला बैठक आहे." याची आम्ही अभयपत्र म्हणून नोंद केली आहे.

कॅमेरा वाजला. फोटोग्राफर म्हणाला, "एक मुलगी समोर बघत नाहीये, परत काढू?" खरेच होते. स्टुलावर चिमणी शिडीहून चार बोटे उंच भरली होती, आणि शिडी मान वर करून तिच्याकडे पाहत हसत होती. त्या मुलीस आजवर वर पाहावे ऐसे माणूस भेटलेच नव्हते. ती म्हणाली, "नको, हाच राहू द्या." सरांनी शिट्टी ओठांशी नेली आणि मग खिशात टाकली.

येणेप्रमाणे शेवटली इयत्ता, तुकडी ब, शिडी आणि चिमणी एका रांगेत, एका चौकटीत, शेजारी शेजारी आल्या. फत्ते जाहली. फोटोत शिक्षकवर्ग वगळून बेचाळीस चेहरे, पैकी चिमणीचा फक्त गळा आणि हनुवटी. पटावर पंचेचाळीस आहेत, ते तीन कमी का, ऐसी पृच्छा होईल म्हणून खुलासा करितो की, ते स्टुलाचे पाय धरून होते. हा मजकूर लिहिणार आम्ही पुढला डावा पाय धरून होतो, आणि अंगठ्यावर अद्याप वळ आहे, हाच पुरावा समजावा.