सुभानजी वैद्याची कबुली

श्री धन्वंतरी समर्थ. ज्याचे कृपेनें मुळी उगवते आणि ज्याचे रुसव्यानें नाडी बुडते, त्यास आधीं वंदन. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरीं, एके राज्यीं वैद्याचा इनसाफ जाहला, तें वर्तमान आम्ही, त्या इनसाफास बसलेल्या पांच पंचांपैकीं एक, लिहितों. नांव सांगत नाहीं. मत्सर सांगतों, कारण तो लपावा इतका लहान नव्हता.

त्या राज्यांत वैद्यांची सभा होती आणि सभेचे पटावर ज्याचें नांव त्यानेंच रोग्याची नाडी धरावी ऐसा हुकूम होता. पटावर सुभानजी म्हणोन एक वैद्य होता, परगांवचा, तिशीचा, अंगावर शालजोडी नाहीं कीं तोंडांत श्लोक नाहीं, आणि त्याचे ओसरीखालीं पहांटेपासोन रोग्यांचे जोड्यांची रास पडे, आणि आम्ही चाळीस वर्षें खल घोटोन आमचे ओसरीवर मांजर निजे. लोक म्हणत, "सुभानजीबावाला कळत नाही तिथं तो कळत नाही म्हणतो." यांत कौतुक तें काय? न कळणें आम्हांसही येत होतें! मग आमचा जळफळाट जाहला, आणि सभेचे मुख्य राजवैद्य धुंडोपंत, तेही आंतून तैसेच जळत होते, म्हणोन आमची त्यांची गट्टी जमली.

ऐसें असतां सरदार रायाजींचे मातुश्री आवडाबाई यांचें पोट फुगलें आणि सुभानजीनें जमालगोटा दिल्हा आणि तो वजनांत दुप्पट पडला आणि बाई सोळा वेळां उठोन गलितगात्र जाहल्या. आतां आमचे धंद्याची रीत ऐसी कीं अशा समयीं वैद्यानें ग्रहांकडे बोट करावें, नाहीं तर रोग्यानें कुपथ्य केलें म्हणावें. या मूर्खानें काय केलें, तर धांवत गेला आणि सरदारांचे भर चौकांत म्हणाला, "मात्रा दुप्पट गेली. चूक माझी. ताक आणा, मी इथून हलत नाही." आणि तीन दिवस उशाशीं बसोन बाईंस उठविलें, आणि वर सभेस स्वहस्तें लिहिलें कीं माझा तराजू बिघडला होता, सर्वांनीं आपापले पाहून घ्यावे. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! धुंडोपंत कागद वाचोन हंसले आणि म्हणाले, "साक्षीदार हुडकायचं कामच उरलं नाही."

मग सभा भरली आणि आवडाबाई काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, "अरे, त्यानं सांगितलं म्हणून मी उभी आहे. गप्प बसता तर त्याचं काय बिघडत होतं? आज त्याचं नाव पुसाल, तर उद्या कोण सांगायला येईल?" धुंडोपंत बोलिले, "मातुश्री, आपण रोगी. वैद्यांचं वैद्यांस कळतं." त्या सभेची जुनी चाल ऐसी कीं शिक्षा सांगण्याआधीं पंचानें बेलभंडारावर हात ठेवोन शपथेनें म्हणावें, ऐसी चूक मजकडोन कधीं जाहली नाहीं. चौघांनीं हात ठेविला. आमची पाळी आली तों आम्हांस साळियाची चार वर्षांची पोर आठवली, जीस आम्हीं पाऱ्याचें भस्म जास्त दिल्हें आणि बापास म्हटलें, देवाघरचें बोलावणें आलें. क्षणभर हात थांबला. मग जोड्यांची ती रास डोळ्यांपुढें आली, आणि हात ठेविला.

सुभानजीचें नांव पटावरोन पुसलें. तो "बरं" म्हणाला आणि शेजारचे राज्यांत गेला.

पुढील सालीं आम्हांस ताप भरला आणि धुंडोपंतांनीं स्वहस्तें औषध दिल्हें, आणि घटकेंत जीभ बधिर जाहली आणि ओठांस मुंग्या आल्या. आम्हीं ओळखिलें, बचनाग जास्त पडला. कुटुंबास म्हटलें, तूप आण, लौकर. धुंडोपंत आडवे जाहले आणि म्हणाले, "वहिनी, तूप आणाल तर चूक झाली असं दिसेल." ती म्हणाली, "दिसू दे!" आणि तिनें वाटीभर तूप घशांत ओतलें, म्हणोन वांचलों. तिसरे दिवशीं त्यांनीं कागद धाडिला, औषध यथायोग्य होतें, सही करावी. आम्हीं सही केली.

एवंच, त्या सालापासोन सभेचे दफ्तरीं एकाही वैद्याची चूक नाहीं. मसणवटींत लांकूड मात्र पुरत नाहीं. आमचा मत्सर गेला नाहीं. सुभानजीचे ओसरीचें आतां कांहीं वाटत नाहीं; 'चूक माझी' हे दोन शब्द त्यास बोलतां आले, याचा हेवा वाटतो. ते म्हणावे म्हणोन आम्ही दोन वेळां साळियाचे दारापर्यंत गेलों आणि परतलों. तो वाटेंत भेटला कीं अद्याप आम्हांस हात जोडतो. इतकें वर्तमान खरें. शपथ घेत नाहीं.