गद्रेकाकांचं वाढीव बिल

गद्रेकाका फरशीला कान लावतात. आधी गुडघे टेकतात, किल्लीने लादी वाजवतात, मग कान जमिनीला टेकवतात आणि निकाल देतात, "पोकळ!" आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी लाद्या, दरवाजा आणि माझा जावई असं सगळं पोकळ ठरवलं. जावयाच्या बाबतीत ते चुकले असं मला आजही म्हणवत नाही.

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत बिलं तपासण्यात गेली. काका निवृत्त झाले, त्यांची तपासणी निवृत्त झाली नाही. काकू आता नाहीत, मुलगा निखिल कॅनडात. तेव्हा सोसायटीचा इस्त्रीवाला आणि मी असे दोघेच तपासायला उरलो होतो. इस्त्रीवाल्याने लवकरच यायचं बंद केलं.

मग काकांनी बाथरूम नवं करायला काढलं. काम डोंबिवलीच्या मोरे नावाच्या कंत्राटदाराला दिलं. एस्टिमेट सव्वा लाखाचं, बिल आलं एक लाख सत्तर हजारांचं. काकांनी मला साक्षीदार म्हणून बसवलं.

"हे वरचे पंचेचाळीस हजार कुठून उगवले?"

"काका, लादी उचलली तर खालची लाइन पूर्ण सडलेली. एक्स्ट्रा काम झालं ना."

"मला विचारलंत?"

"फोनवर बोललेलो की, थोडं वाढेल."

"थोडं? मोरे, थोडं म्हणजे मीठ!"

तेव्हापासून मोरे दर रविवारी सकाळी यायला लागला. काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार. एका रविवारी भांडण नळांवरून, पुढच्या रविवारी डेब्रिजच्या गोण्यांवरून. मोरे दरवेळी थोडा खाली उतरायचा आणि तडजोड जवळ आली की काका नवा मुद्दा काढायचे. "लबाड आहात तुम्ही," असं म्हणत त्याच्या ताटलीत आणखी पोहे वाढायचे. मधेच त्याच्या मुलीच्या बारावीची चौकशी. माझा रविवार फुकट जायचा. एकदा वैतागून म्हटलं, "काका, निम्म्यावर मिटवून टाका ना."

"प्रश्न पैशाचा नाही. ठरलं म्हणजे ठरलं!"

एका रविवारी मोरे आला तो बसलाच नाही.

"काका, मिटलं आपलं. निखिलदादाने काल सगळे पैसे पाठवले. पूर्ण."

काकांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. स्पीकरवर.

"अहो बाबा, सोडा ना आता. किती डोकं खाणार त्या माणसाचं? तेवढ्या पैशांचं काय एवढं!"

"अरे, पण बरोबर कोणाचं होतं?"

"काय फरक पडतो? इथे रात्र झालीय बाबा, ठेवतो."

मोरे खाली बघत होता. काका म्हणाले, "बसा. पोहे झालेत."

"नको काका, माजिवड्याला साइट आहे. येतो."

येतो म्हणाला खरा, पण आता येण्याचं कारणच उरलं नव्हतं.

"चला, कटकट मिटली," मी म्हटलं. मी खोटं बिल पुढे केल्यासारखं काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"आयुष्यभर न तपासता एक बिल पुढे जाऊ दिलं नाही मी. माझ्या मुलाने माझंच जाऊ दिलं. विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी दोन ताटल्यांत पोहे वाढले. मीठ जास्त झालं होतं. मी गुपचूप खाल्ले. काका स्वतः खात नव्हते.

"तुमच्याकडे काही काम निघणार आहे का हो? ओटा वगैरे?"

ओटा चांगला ठणठणीत होता. तरी म्हणालो, "बघू, दिवाळीनंतर."

"मोऱ्यालाच द्या," काका म्हणाले. "लबाड आहे. पण येतो."