एकदाच वाजणारी टेप

"वायर कशाला हवी? स्पीकरसमोर माईक ठेवला की झालं! चाळीस वर्षं टेपा सांभाळतोय मी, मला शिकवू नका!"

कॉलेजच्या ध्वनिसंग्रहात टेपकाका असे गरजले, आणि संगणकवाल्या ताईंनी हात टेकले. टेप संगणकाला जोडायची वायर उद्या येणार होती. पण काकांना दम कुठला! जुन्या भिंतीचे पोपडे गळावेत तसा टेपेवरचा तपकिरी थर गळत होता. "एकदाच वाजेल," ताई म्हणाल्या होत्या, "मग नुसती कोरी पट्टी उरेल." आणि त्या टेपेवर काकांची बायको गात होती! याच कॉलेजात गाणं शिकवायची ती. जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही उरला नव्हता.

काकांनी दाराला कडी घातली, पंखा बंद केला, बटण दाबलं. पेटीचा सूर निघाला. तिने पहिली ओळ उचलली, आणि वरच्या मजल्यावर सुताराने ठोकायला घेतलं!

"ए सुतारा! तो हातोडा घशात घालीन तुझ्या!" काका खिडकीतून ओरडले.

सुतार थांबला, तर झाडूवाल्या मावशी दार बडवू लागल्या. "काका, आत मेलात की काय? कडी काढा!"

"मी जिवंत आहे! तुम्ही राहायच्या नाहीत!"

"अगं बाई, काकांना वेड लागलं!" मावशींनी बोंब ठोकली. झालं! शिपाई धावला, त्याच्यामागे अख्खा वर्ग. सगळे मिळून दारावर तुटून पडले.

"काका," ताई कुजबुजल्या, "माईक चालू आहे. तुमच्या शिव्याही भरल्या जातायत."

"मग काय यांचे पाय चेपू?" काका तव्यासारखे तापले. होता नव्हता तेवढा जीव गोळा करून किंचाळले, "गप्प बसा सगळे!"

स्पीकरमधलं गाणं थबकलं. तिचा आवाज आला, "अहो, आधी तुम्ही गप्प बसा!"

मागोमाग भरल्या सभागृहाचं हसू. दाराबाहेर चिडीचूप. काका मटकन खुर्चीत बसले. तीस वर्षांपूर्वी हीच टेप भरताना ते सभागृहातल्या पोरांवर असेच खेकसले होते!

पुढची अकरा मिनिटं ती गायली. काकांनी श्वाससुद्धा जपून घेतला. शेवटी कोरी पट्टी फडफडली.

"नोंदीत काय लिहू?" ताईंनी हळूच विचारलं.

काकांनी नाक पुसलं. "लिहा, गाणं बाईंचं. आरडाओरडा नवऱ्याचा. दोन्ही वेळचा!"