अकरा वर्षांचं ‘हो’

लाओ फानला विजेचा ट्रक मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बायकोचं बोलणं ऐकू आलं!

म्हणजे यूपिंग आधी गप्प होती असं नाही हं. थांगशानहून बंदरावर पोलाद न्यायचं, तर ती अकरा वर्षं त्याच्या शेजारीच. पण डिझेलचा ट्रक असा बोंबलायचा की ती काही बोलली की हा नुसती मान डोलवायचा. संसार कसा झकास चाललेला!

आणि आता केबिनमध्ये चिडीचूप. सूर्यफुलाच्या बिया फोडत यूपिंग म्हणाली, “आज जुन कबुतरं न्यायला येतोय.”

जुन म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

“कुणाची कबुतरं?”

“तुझी. त्याची बायको बाळंत झालीय ना, सूप करायचंय.”

फानने करकचून ब्रेक दाबला. “माझी शर्यतीची कबुतरं? सूप?”

“एप्रिलमध्ये विचारलं होतं तुला. पुलावर. चांगली मान डोलावलीस की!”

फानने धडाधड फोन लावला. जुन फानच्याच अंगणात पोचला होता. “भावजी, सात आलीत टोपलीत. आठवं लई चावतंय!”

“सोड त्यांना!”

“ताईने सांगितल्याशिवाय नाही सोडणार.”

घर वीस किलोमीटर आणि बॅटरी चार टक्के! मुकाट्याने गाडी चार्जिंगला लावावी लागली. पाऊण तास. फान नखं खात बसला. यूपिंग शांतपणे बिया फोडत होती. आणि एकदम फान ताठ झाला.

“पिंग, मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं, ही कबुतरं म्हातारी होईपर्यंत सांभाळू ना? तू मान डोलावलीस.”

“मी? कधी?”

“टोलनाक्यापाशी. आणि मार्च एप्रिलच्या आधी येतो. पहिला शब्द तो खरा.”

यूपिंग घुटमळली. त्या आवाजात तिनेही काय कमी माना डोलावल्या होत्या? तिने निमूट फोन घेतला. “जुन, टोपली उघड. बाजारातून कोंबडी आण.”

फान खूश! मार्चमध्ये त्याने काहीएक विचारलं नव्हतं. पण डिझेलचा ट्रक भंगारात गेलेला, साक्ष देणार कोण?

खुशीत त्याने तिच्या पुडीतल्या मूठभर बिया उचलल्या. यूपिंग खिडकीबाहेर बघत गालात हसत होती.

फानचा हात तोंडाशीच थांबला. एप्रिलमध्ये हिने तरी खरंच विचारलं होतं का?