दस्तगीरभाईंचं नाक

दस्तगीरभाई माणसाला आधी हुंगायचे आणि मग सलाम करायचे. शिरवळच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो, त्या पहिल्या दिवशी मी हात पुढे केला तर हे गृहस्थ हाताकडं न बघता माझ्या खांद्याजवळ नाक आणून थांबले. नवा शर्ट होता, त्यावर पुण्याहून आणलेला भारीतला स्प्रे मारला होता. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"घरी मेंढरं हायती व्हय सायब?"

मी उडालोच. वडूजकडच्या आमच्या धनगराच्या घरात मेंढरं होती, आदल्या रात्री मी घोंगडं पांघरूनच झोपलो होतो, हे सगळं खरं. पण एमेस्सीची दोन वर्षं जे मी कुणाला कळू दिलं नव्हतं, ते या माणसानं अर्ध्या मिनिटात बाहेर काढलं. वर म्हणाले, "लाजताय कशापायी? तो वास चांगला हाय. ह्यो वरनं चोपडलेला तेवढा धुऊन या, मग प्लँटात पाऊल टाका." मी निमूटपणे गेलो आणि धुऊन आलो.

आमच्या कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांमधून जंतूंना साखरेचं पाणी पाजतात. ते पोटभर पितात आणि त्याचं तेलकट अल्कोहोल करतात. ते वर तरंगलं की काढून घ्यायचं, गरम पाण्यानं धुवायचं आणि उंच कॉलममध्ये उकळून शुद्ध करायचं, एवढंच आमचं काम. पुढं ते मलमात आणि शाम्पूत जातं. पण नावात अल्कोहोल असल्यामुळं पंचक्रोशीत आमची ख्याती दारूचा कारखाना अशीच. पाच वेळच्या नमाजी दस्तगीरभाईंना हे फार लागायचं. थंडीत आमचा माल गोठून मेणासारखा होतो. त्याचा एक पांढरा खडा ते कागदात गुंडाळून खिशात ठेवायचे. एसटीत कुणी डिवचलं की पुढं करायचे. "ही घ्या दारू. चावा. चढली तर मला सांगा."

कॉलम हे त्यांचं राज्य. गावठी दारूत पहिल्या धारेला मान असतो. आमच्याकडं पहिल्या धारेत घाण वासाचं सगळं निघून येतं आणि ते बाजूला काढतात. मधला माल चांगला. पहिली धार कुठं संपली आणि मधला माल कुठं सुरू झाला, हे लॅबमधलं मशीन सांगायचंच. पण दस्तगीरभाई मशीनच्या आधी सांगायचे. ड्रमचं झाकण उघडायचं, "बिस्मिल्ला" म्हणायचं, डोळे मिटायचे, कागदाची पट्टी बुडवून नाकाखालून फिरवायची. मग निकाल. "भिजलेली गोणी." "शिळं ताक." "एसटीची मागची शीट." हे सगळे नापास. पास झालेल्या मालाला ते एकच शब्द वापरायचे, "मुका". ज्याला कसलाच वास नाही तो माल मुका. मशीननं शुद्ध म्हटलेला माल त्यांनी कितीदा परत कॉलममध्ये घालायला लावला असेल! मी चिडायचो. पुन्हा तपासायचो, आणि जरा खोलात गेलं की काहीतरी बारीकसं सापडायचंच.

खरी गंमत म्हणजे त्यांचे वडील अत्तरवाले. सुरमा आणि अत्तराच्या कुप्या घेऊन आठवडी बाजार फिरायचे. "बापानं जल्मभर वास विकला," दस्तगीरभाई म्हणायचे, "आन् मी वास काढायचा पगार घेतो. दोगांचं मिळून खातं बरोबर झालं." प्लँटात त्यांनी कायदेच केले होते. ड्यूटीवर कच्चा कांदा नाही, केसाला तेल नाही. एकदा मुंबईहून तपासणीला आलेले एक बडे साहेब गेटपासून घमघमत आले, तर भाईंनी त्यांना वॉचमनच्या खोलीत बसवलं आणि सगळ्या ड्रमच्या पट्ट्या तिथं पाठवल्या. साहेब सुरुवातीला लाल झाले, जाताना मात्र भाईंचा हात हातात घेऊन गेले.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. दुपारी चारला शेडमागं बिनवेलचीचा चहा, कारण वेलचीलाही बंदी. भाई मला कारखान्याबाहेर नेऊन एकेक वास ओळखायला लावायचे. सुरुवातीला मला दोनच कळायचे, येतो आणि येत नाही. हळूहळू मीही शहाणा झालो.

मग साथीचं ते साल आलं. भाईंना ताप आला, त्यांच्या बायकोला, हमीदाचाचीलाही आला. भाई उठले, चाची गेली. लेक सांगलीला दिलेली. साताऱ्याच्या घरात ते एकटे राहिले. महिन्याभरानं कामावर आले ते वाळून, पण ड्रमपाशी तसेच उभे राहिले. फक्त एक पद्धत बदलली. आता म्हणायचे, "सायब, आदी तुमी. तुमाला शिकायला पायजे." मी हुंगायचो, मग ते हुंगायचे आणि निकाल द्यायचे. उस्तादानं आपल्याला पुढं केलं म्हणून मी मनातल्या मनात फुगलो होतो. ते हल्ली डोळे मिटत नाहीत, हे मला दिसायचं, पण त्याचा अर्थ काही डोक्यात शिरला नाही.

दोन वर्षं अशी गेली. एका जानेवारीत मला असं पडसं झालं, की नाकाखाली बाम चोळला तरी पत्ता लागेना. आता पडशाचं नाक घेऊन ड्रमवर जाणं म्हणजे भाईंच्या लेखी गुन्हाच. मशीननं माल पास केलाच होता, म्हणून मी लपवलं. पट्टी नाकाखालून फिरवली, चेहरा गंभीर ठेवला आणि बाजूला झालो. भाईंनी पट्टी घेतली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मुका. जाऊ द्या."

ट्रकात ड्रम चढवताना हमाल मारुती मात्र तोंड वाकडं करून ओरडला, "चाचा, ह्यात काय मेलंय का वं?"

ड्रम खाली उतरले. तीन-चार जणांनी वास घेतला. कुणालाही कळावा असा आंबूस भपका होता म्हणे. मला अर्थातच तो कळला नाही. मी भाईंकडं बघितलं. ते भिंतीसारखे पांढरे पडले होते.

शेडमागं बसून त्यांनी सांगितलं. "तापात नाक गेलं, सायब. ते आलंच न्हाई. तुमच्या कपाळाला आठी पडली की मी ड्रम मागं सारायचो. आज आठी पडली न्हाई." मग खिशातला पांढरा खडा काढून बोटांत फिरवत म्हणाले, "तीन म्हैने ऱ्हायल्यात रिटायरमेंटला. आंधळा म्हणून काढलं तर सोसंल. पण हितनं बिननाकाचा म्हणून न्हाई जायचं मला."

माझं पडसं मी मॅनेजरांना सांगितलं. चूक माझ्या नावावर लागली, माल पुन्हा कॉलममध्ये गेला. पुढचे तीन महिने कारखान्यातला एकही ड्रम माझं नाक आणि मशीन या दोन्हींनी सांगितल्याशिवाय हलला नाही, आणि निकाल मात्र भाईच देत राहिले. निरोपाच्या दिवशी कंपनीनं त्यांना काय द्यावं? अत्तराची कुपी! त्यांनी सगळ्यांसमोर झाकण उघडलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! अस्सल!" टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "सायब, एक काम हाय. घरी या. कारखान्याचं न्हाई."

साताऱ्याला गेलो. चहा झाला. मग त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली, आत प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात एक सुती साडी. "हमीदाला दवाखान्यात न्हेली, त्या सकाळी तिनं सोडलेली ही दांडीवर व्हती. लेक म्हणली धुते. मी धुवू दिली न्हाई. मला वाटलं, ताप उतरला की नाक येईल. तवापासनं बांधूनच ठेवली. तुमी बघा, हाय का अजून?"

खोटं बोलायची तयारी मी मनात करून ठेवली. साडी नाकाशी नेली. आधी नुसतं प्लॅस्टिक आलं. मग, अगदी आतल्या घडीतून, काहीतरी.

"शिकेकाई," मी म्हणालो.

"आन्?" ते पुढं सरकले.

"मेंदी. आणि काहीतरी भाजल्यासारखं. जिरं?"

"जिरं न्हाई सायब, बडीशेप! भाजून पदराच्या गाठीत बांधायची. दिसभर तोंडात." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "व्हय, हाय. हाय म्हंजे. अजून हाय."

मला आणखी काही सापडतंय का म्हणून मी पुन्हा साडीत नाक घातलं. त्यांनी घाईघाईनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"बास, सायब, बास," ते म्हणाले, "लय वडू नका. सपंल."