शकूअक्कांचं पंचांग

शकूअक्कांना साल विचारू नये. आमच्या मळमड्डी भागात नवा भाडेकरू आला की तो एकदा विचारतो आणि शहाणा होतो. "थोरला पाणलोटात झाला, धाकटी बचतगटात," अक्का सांगतात. "मालक गेले ते एड्सच्या प्रोजेक्टात." अक्कांचे यजमान हार्ट अटॅकनं गेले, हे मग आम्हा शेजाऱ्यांना घाईघाईनं सांगावं लागतं.

पंचवीस वर्षं ही बाई एनजीओंमध्ये राबली आणि सालं प्रोजेक्टांच्या नावानं मोजत आली. कलघटगीकडच्या कुठल्याही खेड्यात त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. फंडिंग संपलं की साहेब दिल्लीला नव्या नोकरीवर आणि अक्का घरी, असं दर तीन वर्षांनी चालायचं. कमाई म्हणाल तर कार्यशाळांत मिळालेल्या कापडी पिशव्या. मला या प्रकाराची मनस्वी चीड येते. अक्कांची चीड मात्र भलतीकडेच निघते. गावाला कुणी 'फील्ड' म्हटलं की त्या उसळतात. "गावाला नाव आहे की. नाव घेऊन बोल."

माझी मुलगी वैशाली समाजकार्यात एमएसडब्ल्यू झाली आणि एनजीओतच करिअर करायचं म्हणाली, तेव्हा अक्कांनी तिला ताब्यातच घेतलं. स्वतःची दोन्ही मुलं लांब. रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर खोटी मुलाखत चालायची.

"तुला ही नोकरी का पायजे?"

"मला समाजातल्या वंचित घटकांसाठी..."

"साकु, पुरे," अक्का कन्नड-मराठीत एकदमच थांबवायच्या. "शेवटची बस चुकली तर कुणाच्या घरी झोपशील ते सांग. वंचित मग बघू."

गेल्या उन्हाळ्यात एका संस्थेची जाहिरात आली. समन्वयक, जागा एक, आणि गावं नेमकी अक्कांची. दोघींनी अर्ज केला. अक्कांचा शेवटचा प्रोजेक्ट बंद होऊन दोन वर्षं झाली होती. मधल्या काळातलं काही विचारलं तर प्रोजेक्टचं नाव नसल्यानं त्या नुसतं 'त्यानंतर' म्हणायच्या.

मुलाखतीत एका मॅडमनी अक्कांना विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"प्रोजेक्ट किती वर्षांचा आहे?"

"तीन."

"मग मॅडम, पाच वर्षांनी तुम्ही कुठं असणार ते आधी सांगा. तुम्ही लोक गेल्यावर बाया मलाच विचारतात."

अक्कांना नकार आला. कारण, पदवी नाही. वैशालीला नेमणुकीचं पत्र आलं. जिनं शिकवलं ती नापास आणि जिला शिकवलं ती पास! मी दिवसभर घरात आदळआपट करत होतो. वैशालीही हट्टाला पेटली. असली नोकरी करणार नाही, म्हणाली. मला पोरीचा अभिमान वाटला. अक्का मात्र आम्हा दोघांवर भडकल्या.

"तू नाही गेलीस तर कोण जाईल तिथं? गावाचं नाव न घेणारा कुणीतरी. बायांनी परत पहिल्यापासून सगळं सांगत बसायचं काय? साडेसातची बस आहे. डबा मी देते. अण्णा, तुम्ही मधे बोलू नका."

वैशाली कापडी पिशवीत डबा घेऊन गेली. पहिल्या गावात पोचली, तर बाया आधीच देवळापाशी जमून बसलेल्या. अक्कांनी आदल्या दिवशी एकेकीला फोन केला होता: माझी पोरगी येतेय, तिला उपाशी पाठवू नका.

परवा मी अक्कांना गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण आणि नवे. दुखणं कधीपासून, असं त्यांनी विचारलं. आता अक्का 'त्यानंतर' म्हणणार, म्हणून मी साल सांगायला तोंड उघडलं.

अक्कांनी मला हातानंच थांबवलं. मग म्हणाल्या, "वैशालीत. वैशालीच्या दुसऱ्या महिन्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी म्हटलं, "तसंच लिहा, डॉक्टर."